खालचा हात

किसनच्या डाव्या तळहातावर, अंगठ्याखाली, एक जुनी पांढरी पडलेली खूण होती. पंचवीस वर्षांपूर्वी एका अल्सेशियनने घेतलेला चावा. ही खूण तो लोकांना फार हौसेने दाखवायचा. "या हातावर तीनशे कुत्री जेवलीत," असं म्हणायचा, आणि समोरच्याने "काय सांगता!" म्हटलं नाही की त्याचं तोंड उतरायचं. आपल्या हाताचा असा गर्व असलेली माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. एखादा आचारी, एखादा न्हावी. गर्व असायला हरकत नाही. फक्त त्याच्या जोडीला नाकावर राग नसावा. किसनकडे दोन्ही होतं.

घर उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये. बायको सरस्वती जीन्सचे धागे कापायची. कारखान्यातून गठ्ठे यायचे, आणि घरातला निम्मा पलंग कायम निळ्या पँटींखाली असायचा. किसनने उमेदीची वर्षं एका सिक्युरिटी कंपनीच्या कुत्र्यांवर हँडलर म्हणून काढली. मग कंपनीने गोदामांत कॅमेरे बसवले, कुत्री काढली, आणि कुत्र्यांबरोबर माणसंही काढली. त्यानंतर सहा वर्षं तो वांगणीला प्रज्वलच्या फार्मवर होता.

फार्म म्हणजे प्रज्वलच्या आजोबांचं भाताचं शेत. त्याला जाळीचं कुंपण, सोळा पत्र्याच्या खोल्या, आणि एक निळं प्लॅस्टिकचं टाकं, ज्याला फार्मच्या जाहिरातीत स्विमिंग पूल म्हणायचे. मुंबई-ठाण्याची माणसं परदेशी निघाली, लग्नाला निघाली, कंटाळली, की कुत्री इथे आणून सोडायची. काही जण शिकवायलाही ठेवायचे. शिकवायचा किसन. व्हिडिओ काढायचा प्रज्वल, आणि व्हिडिओत बोलायचाही प्रज्वलच. किसनचा त्यात फक्त हात दिसायचा.

गिऱ्हाइकांसमोर प्रज्वल त्याला "आमचे किसनकाका" म्हणायचा. चहा प्रज्वलच्या घरातून यायचा, पण किसनचा कप घरात नव्हता. तो कुत्र्यांच्या खोल्यांबाहेर खुंटीला टांगलेला असायचा. तिथेच का, हे सहा वर्षांत कोणी सांगितलं नाही आणि किसनने विचारलं नाही. त्याला ठाऊक होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर चांगुणाबाई रिक्षातून आल्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, कात्रपला एकट्या राहायच्या. सगळं कात्रप त्यांना सिस्टर म्हणायचं. बरोबर कुत्रा होता, तांबूस, एक कान मोडलेला, सात वर्षांचा. दवाखान्याच्या मागच्या उकिरड्यावर सापडलेला. नाव हावऱ्या. प्रज्वलने रजिस्टरात 'हॅरी' लिहून घेतलं. हावऱ्या नावाचा कुत्रा व्हिडिओत बरा दिसला नसता.

"गुडघ्याचं ऑपरेशन आहे," सिस्टर म्हणाल्या. "दोन महिने मला उठता-बसता यायचं नाही. याला ठेवून घ्या, आणि एक शिकवा. आमच्या मागच्या गल्लीत कुणीतरी जेवणात विष घालतंय. दोन भटकी मेली. हा मेला काहीही खातो. परवा माझ्या हातातून सुटून खायला गेला, नशिबानं वाचला."

"कुणाच्याही हातचं खाणार नाही असा करून देतो," किसन म्हणाला.

"आणि याला फिट येते हो. सकाळ-संध्याकाळ गोळी. एक वेळची चुकली तरी चालायचं नाही." त्यांनी गोळ्यांची पाकिटं त्याच्या हातावर ठेवली आणि आपलं एक जुनं सुती लुगडं दिलं. "हे अंथरा त्याला. माझा वास असला की झोपतो."

किसनची शिकवण जुन्या वळणाची होती. बुधाजी नावाचा खोल्या धुणारा माणूस मटणाचा तुकडा घेऊन यायचा. हावऱ्याने तोंड पुढे केलं की पट्ट्याला हिसका आणि तोंडावर पाण्याचा सपका. मग किसन यायचा. डाव्या तळहातावर भाकरीचा गोळा, कानामागे बोटाने दोन टिचक्या, आणि "घे." तेव्हाच खायचं. गोळी त्या गोळ्यातच असायची. पंधरा दिवसांत हावऱ्या बुधाजीच्या मटणाकडे बघेनासा झाला. सात वर्षं नाव सार्थ करणारा कुत्रा लाळ गाळत बसायचा, पण मान वळवून.

मग किसनने शेवटची परीक्षा घेतली. विष घालणारा शेजारचाच, घरात ऊठबस असलेला कुणी असला तर त्याच्या कपड्यांना मालकिणीचा वास असणार, म्हणून कुत्र्याने त्या वासालाही भुलू नये. सिस्टरच्या लुगड्याची पट्टी फाडून त्याने बुधाजीच्या मनगटाला बांधली. हावऱ्या शेपूट हलवत धावला, त्याने तुकडा तोंडात घेतला, आणि सपका खाल्ला. असं आठ दिवस. नवव्या दिवशी बुधाजीने हात पुढे केला तेव्हा हावऱ्या मागे सरकून भिंतीला लागला.

हे क्रूर वाटेल, आणि आहेच. पण किसनच्या पद्धतीत यावर उतारा होता. त्याला तो हातबदल म्हणायचा. शिकवण पुरी झाली की मालकाने यायचं. मालकाचा तळहात वर, किसनचा खाली, आणि वर भाकरी. कुत्र्याला खालचा हात कळतो, म्हणून तो खातो. मग रोज थोडा थोडा खालचा हात मागे घ्यायचा. आठव्या-दहाव्या दिवशी खाली काहीच उरत नाही, आणि कुत्रा मालकाच्या हातावर जेवत असतो. "हातबदल झाला नाही तर ते काम अर्धं," हे किसन स्वतःच सांगायचा. तीनशे कुत्र्यांत एकाचाही त्याने हातबदल चुकवला नव्हता.

या वेळी हातबदल कात्रपला सिस्टरांच्या घरी जाऊन करायचा होता. सिस्टरांचा फार्मच्या नंबरवर फोनही आला. "मी वॉकर घेऊन चालायला लागले. कधी आणता त्याला?" किसन म्हणाला, "आणतो, या आठवड्यात."

आणि त्याच दुपारी त्याने प्रज्वलला बोलताना ऐकलं. निळ्या टाक्यापाशी प्रज्वल तेजलशी बोलत होता. तेजल ही नवी मुलगी, पुण्याहून कुत्री शिकवण्याचा कोर्स करून आलेली, कमरेला बिस्किटांची पिशवी बांधून फिरणारी. वाईट नव्हती बिचारी.

"काकांचं स्टाइल एकदम ओल्ड स्कूल आहे यार," प्रज्वल म्हणत होता. "क्लायंट बघतात तर उनको अच्छा नहीं लगता. एंड ऑफ मंथ काकांना सांगून टाकतो. तोपर्यंत सगळे डॉग्ज तुझ्या हाताला लावून घे."

किसन पाण्याची बादली घेऊन उभा होता. सहा वर्षं. सोळा खोल्यांतल्या प्रत्येक कुत्र्याचं हगणं-मुतणं तोंडपाठ. आणि हा पोरगा, ज्याला कुत्र्याच्या गळ्यात पट्टा किती बोटं ढिला असावा हेसुद्धा किसनने शिकवलं, तो म्हणतो हाताला लावून घे. किसनने बादली खाली ठेवली ती आपटूनच.

तेव्हा त्याने ठरवलं, हावऱ्याचा हातबदल करायचा नाही. तेजलशी नाही आणि सिस्टरशीही नाही. एक तरी कुत्रा असा राहू दे जो किसनशिवाय जेवत नाही. मग बघू कोण कुणाला सांगून टाकतं. प्रज्वल पाय धरत येईल, "काका, चुकलं," म्हणेल, आणि आपण थोडे आढेवेढे घेऊ. किसन मनातल्या मनात ते आढेवेढेसुद्धा घोकत होता. सिस्टरांचा पुन्हा फोन आला तेव्हा त्याने सांगितलं, "अजून पंधरा दिवस लागतील बाई. कच्चं काम नको."

प्रज्वलने महिनाअखेरची वाट पाहिली नाही. एका शनिवारी सकाळी, किसन हावऱ्याला गोळी भरवून हात धूत असतानाच, तो आला आणि गोड बोलून "थोडा आराम करा आता काका," म्हणाला. किसनने ओले हात पुसले. बॅग भरली. कप खुंटीवरच राहू दिला.

फाटकापाशी तेजल धावत आली. "काका, प्रत्येकाचं थोडं थोडं सांगून जा ना. हॅरीचं काही वेगळं आहे का?"

हा प्रश्न तिने सरळ मनाने विचारला होता. एका वाक्याचं उत्तर होतं. किसनने बॅग खांद्यावर घेतली.

"काही नाही," तो म्हणाला. "सगळ्यांसारखंच."

त्याचा हिशेब साधा होता. सकाळची गोळी पोटात गेलेली आहे. संध्याकाळी कुत्रा तोंड उघडणार नाही. दिवे लागायच्या आत प्रज्वलचा फोन येतोच.

फोन आला नाही. रविवारीही आला नाही. किसन घरात येरझारा घालायचा, फोन चार्जिंगला लावून पुन्हा काढून बघायचा. सरस्वती धागे कापता कापता म्हणाली, "एवढं वाटतंय तर तुम्हीच लावा फोन. मुक्या जनावराची गोळी आहे."

"मी का लावू? गरज कुणाला आहे?"

"कुत्र्याला," सरस्वती म्हणाली, आणि तिने पुढची पँट उचलली.

तिच्या या बोलण्याचा त्याला इतका राग आला की तो जेवलाच नाही. पण खरं सांगायचं तर शनिवारी संध्याकाळपासून त्याच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता. गोळीची वेळ झाली की डावा हात आपोआप उघडायचा. तो हात तो मांडीखाली दाबून बसायचा. माणूस स्वतःशीच असा भांडतो तेव्हा त्याला कुणीतरी धरून हलवायला हवं. पण किसनला हलवणार कोण, एका-दोन वाक्यांपलीकडे सरस्वतीही त्याच्या रागाला बिचकायची.

तिकडे प्रज्वलही काही कमी नव्हता. कुत्रा जेवत नाही हे त्याला शनिवारीच कळलं. तेजल दोनदा म्हणाली, काकांना विचारू. प्रज्वल म्हणाला, "नको. डोक्यावर बसतील. होमसिक आहे तो, घरी गेला की खाईल." सोमवारी सकाळी त्याने हावऱ्याला गाडीत घातलं, कात्रपला नेलं, आणि सिस्टरांच्या हातात 'ट्रेनिंग पूर्ण' असं छापलेलं, कोपऱ्यात कुत्र्याच्या पंजाचा शिक्का असलेलं सर्टिफिकेट दिलं. सिस्टरांनी ते टीव्हीवर उभं करून ठेवलं.

सोमवारी दुपारी किसनच्या फोनवर अनोळखी नंबर वाजला. किसन हसला. सरस्वतीला म्हणाला, "बघ. स्वतःच्या नंबरवरून करायची लाज वाटते, म्हणून दुसऱ्याच्यावरून करतोय. वाजू दे. उचलू नकोस."

फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला. चार वाजेपर्यंत पाच वेळा, संध्याकाळी आणखी दोन वेळा. प्रत्येक वेळी किसनला आतून गुदगुल्या व्हायच्या. तीन दिवसांत पहिल्यांदा तो पोटभर जेवला.

मंगळवारी सकाळी तो अंघोळीला गेलेला असताना आठव्यांदा वाजला, आणि सरस्वतीने उचलला. किसन टॉवेल गुंडाळून बाहेर आला तेव्हा ती फोन हातात घेऊन उभी होती.

"कात्रपच्या सिस्टर आहेत," ती म्हणाली. "फार्मवरच्या त्या पोरीकडून नंबर घेतलाय तुमचा. कालपासून लावतायत. कुत्र्याला पहाटेपासून फिट येतायत, एक थांबली की दुसरी. डॉक्टर सुई देऊन गेलेत, म्हणतात पोटात गोळी जायला पाहिजे. तो कुणाच्या हातचं घेत नाही. रडतायत त्या."

किसनने शर्ट घातला, बटणं जिन्यात लावली. रिक्षात बसला. कालचे ते सात फोन त्याला एक एक करून आठवायला लागले, आणि प्रत्येकाबरोबर आपण काय करत होतो तेही. पाचव्याच्या वेळी तो चहा पीत होता.

अंबरनाथला रस्त्याचं काँक्रीट चालू होतं. रिक्षा जागची हलेना. किसन रिक्षावाल्यावर ओरडला, रिक्षावाला त्याच्यावर ओरडला. तेवढ्यात फोन वाजला. प्रज्वल. स्वतःच्या नंबरवरून.

"काका, प्लीज ऐका. त्या सिस्टरनी माझा दिमाग खराब केलाय. म्हणतात, तुमच्याकडे त्या एकाच माणसाला कळत होतं, त्यालाच काढलंत. डॉगवाल्यांच्या ग्रुपवर पण टाकलंय त्यांनी, दोन बुकिंग कॅन्सल झाली. तेजलला नाही जमत हे. तुम्ही उद्यापासून या. सॉरी बोलतो ना मी, काका. चुकलं."

घोकलेले आढेवेढे किसनला एकही आठवले नाहीत. "येतो," तो म्हणाला.

मग त्याने मनाशी ठरवलं. आधी कुत्र्याला गोळी. मग सिस्टरना सगळं सांगायचं, लुगड्याच्या पट्टीसकट, आणि आजपासूनच त्यांच्या हाताखाली हात धरायचा. खरंच ठरवलं होतं त्याने हे. त्याच्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे.

सिस्टरांचं दार उघडंच होतं. हावऱ्या फरशीवर आडवा होता. त्याच्या अंगावर चादर होती, तोंडापर्यंत ओढलेली. शेजारी वॉकर, आणि खुर्चीवर सिस्टर.

"पंधरा मिनिटं झाली," त्या म्हणाल्या.

फरशीवर ताटल्याच ताटल्या होत्या. उकडलेली कोंबडी, दूधभात, पेढा, अंडं, सायीचं भांडं, बिस्किटं. कशालाही तोंड लागलेलं नव्हतं. एक चमचा रक्ताने माखलेला होता. किसनची नजर त्यावर गेलेली सिस्टरनी पाहिली.

"दात उघडायला गेले हो मी चमच्याने. हिरडी फाटली त्याची. पण चावला नाही मला. छत्तीस वर्षं नोकरी केली, किसनभाऊ. दात आवळलेल्या पेशंटला औषध पाजलंय, वेड्याला पाजलंय. आणि घरच्या कुत्र्याच्या पोटात एक गोळी घालता आली नाही मला."

किसन चादरीपाशी बसला. हात लावायचं धाडस झालं नाही.

"मी हात पुढे केला की मागे सरकायचा," सिस्टर सांगत होत्या. "भिंतीला जाऊन चिकटायचा. घाबरायचा मला. डॉक्टर लांबून द्यायला गेले तर नुसती मान फिरवली, पण माझ्या हाताला तो घाबरायचा. सात वर्षं माझ्या अंथरुणात झोपलेलं जनावर. मी त्याला सोडून आले ना तिथे, दोन महिने. ते त्याने मनात धरलं."

आता सांगायला हवं होतं. शब्द किसनच्या जिभेवर होते. मग त्याला खुंटीवरचा कप दिसला, उद्याची सकाळ दिसली, आणि सिस्टरनी हेही ग्रुपवर टाकलं तर कोण कुत्रा घेऊन येईल, हे दिसलं.

"एक सांगा मला," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही कसं भरवत होतात? दाखवा एकदा. माझं कुठे चुकलं ते तरी कळू दे."

त्यांनी आपला तळहात पुढे केला. सुरकुतलेला, डेटॉलचा वास येणारा. सवयीने किसनचा डावा हात त्याच्या खाली गेला. क्षणभर दोन्ही हात एकावर एक होते, अगदी जसे असायला हवे होते तसे. मग त्याने आपला हात काढून घेतला.

"असाच," तो म्हणाला. "हातावर ठेवायचं, आणि घे म्हणायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

"मीही तेच केलं." सिस्टर आपल्या रिकाम्या हाताकडे बघत राहिल्या. "म्हणजे माझं चुकलं नाही काही. माझ्यावर रुसूनच गेला तो. असंच ना?"

किसनने मान खाली घातली.

"जनावर आहे बाई," तो म्हणाला. "मनात धरतं."

निघताना त्यांनी उरलेलं गोळ्यांचं पाकीट त्याला दिलं, फार्मवर कुणाच्या कुत्र्याला लागलं तर म्हणून. "तुम्ही एकटेच त्याला कळला होतात," म्हणाल्या, आणि वॉकर धरून दारापर्यंत आल्या. त्यांना हात जोडता आले नाहीत, वॉकर सुटला असता.

घरी सरस्वतीने विचारलं, "घेतली का त्याने गोळी?" किसन पलंगावरचा गठ्ठा सारून आडवा झाला. तिने पुन्हा विचारलं नाही. कालचे सात फोन तिच्यासमोरच वाजले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो वांगणीला कामावर हजर झाला. कप खुंटीला होताच. प्रज्वलच्या घरातून चहा आला.